गांव कोणाचें?

‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न आपल्या देशांत विहिरीच्या कांठीं, बाजाराच्या वाटेवर, मोटारीच्या थांब्यावर सहज विचारला जातो. विचारणाराच्या मनांत बहुधा साध्या जिज्ञासेपलीकडे कांहीं नसतें. पुष्कळदां त्यांतून ओळख निघते, नातें निघतें आणि भाकर पुढें येते. परंतु हाच प्रश्न कधीं कधीं दाराचा अडसर होतो. गांवकीच्या बैठकींत, पाणवठ्यावर, आणि दुःखानें लिहावें लागतें कीं मंडळीच्या पंचांच्या सभेंतही, ‘हे मूळचे येथले नव्हेत’ एवढें वाक्य कोणी उच्चारलें म्हणजे पुढचा निवाडा झाल्यासारखाच असतो.

ख्रिस्ती झालेल्या घराण्यांस हें वाक्य नवें नाहीं. ‘तुमचा धर्म परदेशी, म्हणून तुम्हीही परके’ असें आपल्या आजोबा-पणजोबांनीं ऐकलें, आणि त्या बोलाची जखम पुष्कळ घरांत अजून ओली आहे. असें असतां उसाच्या फडावरून, वीटभट्टीवरून किंवा दुष्काळी मुलखांतून पोट भरावयास आलेल्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांविषयीं तोच बोल आतां आपल्या तोंडीं येऊं लागला आहे. त्यांचीं नांवें मंडळीच्या पटावर घ्यावीं कीं नाहीं, आणि त्यांच्यापैकीं कोणी मरण पावला तर आपल्या कबरस्थानांत त्यास जागा द्यावी कीं नाहीं, असे वाद कित्येक ठिकाणीं उत्पन्न होतात. कबरस्थान लहान, जुन्या घराण्यांच्या ओळी ठरलेल्या, आणि दाराशीं उभा असलेला मनुष्य दोन महिन्यांपूर्वीं आलेला! अशा वेळीं उपदेशकानें काय सांगावें?

ह्या वादाच्या मुळाशीं एक जुना प्रश्न आहे. एखादी भूमि आपली आहे असें मनुष्यानें कोणत्या आधारावर म्हणावें? तो आधीं आला म्हणून? तेथें जन्मला म्हणून? कीं त्याच्याजवळ कागद आहे म्हणून? ह्याचा विचार घरीं बसून करण्यापेक्षां एका रस्त्यानें चालत केला तर अधिक उलगडा होतो, असें आमचें मत आहे.

तो रस्ता मुंबईच्या खाडीपलीकडे वसलेल्या नवी मुंबईंतून निघतो आणि पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा असा समुद्राच्या बाजूस उतरत जातो. ह्या रस्त्यानें जाणारे बहुतेक लोक समुद्र पाहावयास जातात. वाटेंत लागणाऱ्या लहान गांवांकडे त्यांचें लक्ष जात नाहीं; आणि गेलें तर तेथें कोंकणी घरें, नारळीचीं झाडें व मासळीचा बाजार ह्यांखेरीज कांहीं असेल अशी त्यांस कल्पना नसते. तथापि ज्याला थांबून विचारण्याची संवय आहे, त्याला त्या गांवांत दूरदूरच्या देशांचा इतिहास घरोघरीं नांदत असलेला आढळतो.

पनवेलचेंच उदाहरण घ्या. आज तेथें उंच इमारती आहेत, लोहमार्गाचें मोठें स्थानक आहे, आणि आपल्याच काळांत, ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं, ज्याचें उद्घाटन झालें तो विमानतळही जवळच आहे. अशा गजबजलेल्या गांवाच्या जुन्या भागांत यहूदी लोकांचें एक सभास्थान आहे. तें १८४९ सालीं बांधलें गेलें. त्याचें नांव ‘बेथ एल’, म्हणजे देवाचें घर. पवित्र शास्त्र वाचणारास हें नांव कोठून आलें तें सांगावयास नको. भावाच्या भयानें घर सोडून पळालेला याकोब सूर्यास्तानंतर एका अनोळखी जागीं दगड उशाशीं घेऊन निजला. स्वप्नांत त्यानें आकाशास टेकलेली शिडी पाहिली. आणि जागा झाल्यावर त्याला कळलें कीं ह्या ठिकाणीं परमेश्वर आहे व आपणांस तें ठाऊक नव्हतें. परमेश्वर त्याला बापाच्या तंबूंत भेटला नाहीं; जेथें त्याचें कोणीही नव्हतें अशा वाटेवरच्या मुक्कामीं भेटला. त्या जागेचें नांव पनवेलच्या लोकांनीं आपल्या सभास्थानास दिलें, ह्यांत मोठा अर्थ आहे. कारण तेही वाटेवरचेच लोक होते.

हे लोक स्वतःस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें, म्हणवितात. त्यांच्यांत परंपरेनें चालत आलेली कथा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगांवाजवळ खडकांवर आपटून फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच चौदा माणसें वांचलीं. किनाऱ्यास लागलेलीं प्रेतें त्यांनीं नवगांवीं पुरलीं. ती जागा अजून दाखवितात व तेथें स्मारक उभारलेलें आहे. ही गोष्ट केव्हां घडली ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. त्यांच्यांतील इतिहासकार हाईम सामुएल केहीमकर ह्यांनीं आपला ग्रंथ १८९७ सालीं लिहून पुरा केला व तो १९३७ सालीं तेल-अवीव येथें छापून निघाला. त्यांनीं हा काळ ख्रिस्तजन्मापूर्वींचा मानला आहे. काळ कोणताही असो, कथेंतील एका गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. ओल्या वस्त्रांनीं किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या त्या चौदा जणांस पहिली गरज घराची नव्हती, शेताचीही नव्हती. त्यांस आपले मेलेले पुरावयास जमीन पाहिजे होती, आणि ती जमीन दुसऱ्या कोणाची तरी होती.

पुढें ते कोंकणांतील गांवोगांवीं पसरले व घाण्यावर तेल काढूं लागले. शब्बाथाच्या दिवशीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणूं लागले. त्यांनीं मराठी भाषा घेतली, वेष घेतला, आणि ज्या गांवीं राहिले त्या गांवाचें नांव आडनांव म्हणून लाविलें: नवगांवकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर. इब्री भाषा ते विसरले. शास्त्राचें पुस्तक त्यांच्याजवळ राहिलें नाहीं. तथापि शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि देव एकच आहे अशी ग्वाही देणारी ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढें त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जतन केलें. एलिया संदेष्ट्याच्या नांवानें पोहे, गूळ व खोबरें कालवून ते मलिदा करितात. त्यांत विश्वास इस्राएलाचा आहे आणि पोहे कोंकणचे. पेण, अलिबाग, रेवदंडा अशा गांवीं त्यांचीं सभास्थानें उभीं राहिलीं, आणि अलिबागेस त्यांची वस्ती असलेल्या भागास ‘इस्राएल आळी’ हेंच नांव पडलें.

आपल्या मिशनच्या जुन्या मंडळींचा व ह्या लोकांचा निकटचा संबंध आला. १८१३ सालीं मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनरींनीं ज्या शाळा काढिल्या त्यांत बेने इस्राएल मुलें शिकलीं व त्यांच्यांतील शिक्षकही नेमले गेले. १८२९ सालीं आलेल्या डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनीं त्यांच्याकरितां मराठींत इब्री भाषेचें व्याकरण लिहिलें, तें १८३२ सालीं निघालें. मराठींत छापलेल्या जुन्या करारामुळें त्यांस आपल्या पूर्वजांच्या गोष्टी आपल्या बोलींत वाचावयास मिळाल्या. इतकें होऊनही त्यांच्यापैकीं ख्रिस्ती झाले ते फारच थोडे. मिळालेल्या विद्येनें ते आपल्याच धर्मांत अधिक दृढ झाले. मिशनरींची इच्छा निराळी होती ह्यांत संशय नाहीं. परंतु दिलेलें दान देणाराच्या मनासारखें फळलें नाहीं म्हणून तें वायां गेलें, असें कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. परक्यास दिलेली वस्तु त्याची होते. तिचें काय करावें हें ठरविण्याचा अधिकार दात्याकडे उरत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, ‘कोंकणच्या लोकांचें औदार्य व पाहुण्यांची कृतज्ञता अशी ही गोड कथा झाली.’ परंतु सत्य ह्याहून कडू आहे. खुद्द बेने इस्राएलांत ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन भेद होते. ज्यांचे आईबाप दोघेही इस्राएल ते गोरे, आणि ज्यांच्या घराण्यांत आई ह्या देशची ते काळे. गोरे लोक काळ्यांशीं सोयरीक करीत नसत व त्यांच्या पंक्तीस बसत नसत. जे स्वतः समुद्रांतून उघड्या अंगानें वर आले, ज्यांस दुसऱ्यांच्या भूमींत आसरा मिळाला, त्यांनींच आपल्या अंगणांत पुन्हां एक रेघ ओढिली! हा दोष त्या एकाच लोकांचा नव्हे. तो मनुष्यजातीचा आहे, आणि आपल्या मंडळ्यांतून ‘पूर्वाश्रमीची जात’ कोणकोणत्या दारांनीं आंत येते हें उपदेशकबंधूंस चांगलें ठाऊक आहे. मनुष्याला आसरा मिळाला म्हणजे तो आसरा आपला मूळचाच हक्क होता असें त्यास लवकरच वाटूं लागतें. मग दुसरा आला कीं तो दार लावितो.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई नांवाचें गांव आहे. डोंगरावर पोर्तुगीजांचा जुना किल्ला आणि त्याच्या पायथ्याशीं रोमन कॅथलिक लोकांची वस्ती. त्या वस्तींत सुमारें हजार माणसें घरीं जी बोली बोलतात ती पोर्तुगीज भाषेपासून निघालेली आहे; शेजारच्या मराठीनें तिला आपलें वळण दिलें आहे. पोर्तुगीज हे गलबत फुटून आले नव्हते. ते तोफा घेऊन आले होते. १७४० सालच्या तहानें चौल व कोर्लई हीं ठाणीं मराठ्यांकडे आलीं, पोर्तुगीज गेले, आणि त्यांच्या शिपायांचीं व येथल्या स्त्रियांचीं लेंकरें, तसेच त्यांच्या काळीं बाप्तिस्मा घेतलेलीं गरीब कुटुंबें, मागें राहिलीं. त्यांचा पाठीराखा आतां कोणी नव्हता. तरी पावणेतीनशेंहून अधिक वर्षें तें गांव तेथें आहे, त्याचें मंदिर आहे, त्याची बोली आहे. त्यांच्या पंथांत व आपल्यांत भेद आहेत. परंतु बापानें तरवार आणिली म्हणून लेंकरास गांव नाकारलें गेलें नाहीं, ही गोष्ट आपणांस मोलाची वाटली पाहिजे.

आणखी दक्षिणेस मुरूडजवळ जंजिऱ्याचा किल्ला लागतो. तेथें हबसाणांतून आलेल्या सिद्दी घराण्याची सत्ता होती व तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. ह्याच हबसाणांतून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा पुढें मलिक अंबर ह्या नांवानें अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला आणि १६१० सालीं त्यानें खडकी वसविली. तेंच आजचें छत्रपति संभाजीनगर. कोणी वादळानें आले, कोणी सत्तेच्या लोभानें आले, कोणी बाजारांत विकले जाऊन आले. ह्या सर्वांचीं लेंकरें आज जी भाषा बोलतात, जें पाणी पितात, तें आपलेंच आहे. ‘मूळचे’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं मनुष्यानें ह्या रस्त्यानें एकदां जाऊन यावें.

परंतु येथें विचार थांबविला तर तो एकांगी होईल, आणि एकांगी विचारानें दुबळ्यांचेंच नुकसान होतें. ‘सगळेच कोठून तरी आले, तर मग आधीं असलेल्याचा हक्क काय?’ असें म्हणणारे लोक असतात, आणि बहुधा ते बळवान असतात. म्हणून त्याच रस्त्याचें जें टोंक नवी मुंबईंत आहे तेथें परत चला. हें शहर ओसाड माळावर वसलेलें नाहीं. १९७० सालीं सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली व ठाणें, पनवेल आणि उरण ह्या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहराकरितां घेण्याचें ठरलें. तीं गांवें आगरी व कोळी लोकांचीं. भातशेती, मिठागरें व खाडींतील मासळी ह्यांवर जगणारीं. वाशी, नेरूळ, घणसोली, ऐरोली, खारघर, कळंबोली हीं आज ज्यांस लोक स्थानकांचीं नांवें समजतात तीं सर्व त्या गांवांचीं नांवें आहेत. प्रवाशानें मोठा रस्ता सोडून आंत पाऊल टाकिलें तर इमारतींच्या मध्यें दडलेलें जुनें गांवठाण त्यास आजही सांपडतें: अरुंद गल्ली, गांवदेवीचें देऊळ, दारांत जाळें विणीत बसलेला म्हातारा. जमिनीच्या मोबदल्याकरितां जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत जासई येथें शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हां गोळीबार होऊन पांच जण मरण पावले. पुढें घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याची योजना आली ती ह्या रक्तानंतर.

ह्या ठिकाणीं परका कोण? वाशीस घर घेऊन राहिलेला, केरळांतून, साताऱ्याहून किंवा आपल्या नगर जिल्ह्यांतून आलेला मनुष्य तेथें आतां सुखानें नांदतो. आणि ज्याच्या शेतावर त्याचें घर उभें आहे तो स्वतःच्या गांवांत उपऱ्यासारखा उभा आहे. त्याला जर आपण सांगितलें कीं ‘परक्यांवर प्रीति कर’, तर तो आपल्याकडे पाहून हंसेल, आणि त्याचें हंसणें न्याय्य असेल.

मोशेच्या नियमशास्त्राची थोरवी अशी कीं त्यांत दोन्ही बाजू सांभाळिल्या आहेत. परक्यास छळूं नये, त्याच्यावर आपल्यासारखी प्रीति करावी, कारण तुम्हीही मिसर देशांत परके होतां, असें तें शास्त्र सांगतें. तेंच शास्त्र शेजाऱ्याच्या शेताची पूर्वजांनीं घातलेली खूण सरकवूं नये असेंही सांगतें. पहिल्या आज्ञेनें यजमानास बांधिलें आहे व दुसरीनें येणारास. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजास पाहिजे होता. त्यानें मोबदलाही देऊं केला. परंतु वडिलार्जित वतन विकावयाचें नाहीं असें नाबोथ म्हणाला. तेव्हां राणीनें राजाच्या मुद्रेचीं पत्रें लिहिलीं, साक्षीदार उभे केले, आणि सर्व कांहीं न्यायसभेच्या रीतीनें होऊन नाबोथ धोंडमार करून मारला गेला. कागद अहाबाच्या बाजूस होता; परमेश्वर नव्हता. ह्यावरून कागद हा मालकीचा शेवटला आधार नव्हे हें दिसतें. आणि आधीं येणें हाही शेवटला आधार नव्हे. कारण लेवीय पुस्तकांत परमेश्वर इस्राएलास स्पष्ट बजावितो कीं भूमि माझी आहे, तुम्ही तिजवर माझे पाहुणे म्हणून राहिलेले आहां.

मग आधीं आलेल्यास कांहींच अधिकार नाहीं काय? आहे, आणि तो मोठा आहे. तो यजमानाचा अधिकार होय. यजमानास न विचारतां त्याच्या घरांत कोणी शिरूं नये, त्याची वस्तु त्याच्या इच्छेविरुद्ध घेऊं नये, त्याचे उपकार विसरूं नयेत. जो पाहुणा यजमानालाच ओसरीवर काढितो तो अहाबाचा भाऊ आहे. परंतु यजमानपण हें दार उघडण्याकरितां असतें. जो कधींच कोणास घरांत घेत नाहीं, त्याला आपण घरमालक म्हणूं, यजमान म्हणणार नाहीं.

ह्या दोन्ही कर्तव्यांचें चित्र पाहावयाचें असेल तर उत्पत्तीचा तेविसावा अध्याय वाचावा. सारा मरण पावली आहे आणि अब्राहामाजवळ तिला पुरावयास वीतभरही जमीन नाहीं. तो सर्व देश त्याच्या संतानास देण्याचें वचन परमेश्वरानें त्यास दिलेलें होतें. त्या वचनाच्या बळावर त्यानें कोणाचें शेत घेतलें काय? नाहीं. तो हेथाच्या लोकांपुढें उभा राहिला, मी तुमच्यामध्यें परका व उपरी आहे असें त्यानें स्वतःच्या तोंडानें सांगितलें, त्यांस नमन केलें, आणि कबरेकरितां जागा मागितली. त्या लोकांनींही त्याचें मूळगांव विचारलें नाहीं. आमच्या कबरांपैकीं जी उत्तम ती घे, असें ते म्हणाले. तरीही अब्राहामानें फुकट घेतलें नाहीं. चारशें शेकेल रुपें तोलून दिलें आणि मग मकपेलाच्या गुहेंत आपल्या मेलेल्यास पुरलें. येणारानें मागावें, नमावें व मोल द्यावें. असणारानें उत्तम तें पुढें करावें. गांवकीचा हाच धर्म होय, आणि तो पाळणारे हेथाचे लोक आपल्या शास्त्रांत मूर्तिपूजक म्हणून गणले आहेत, हें आपण लाजून लक्षांत ठेवावें.

बेने इस्राएलांच्या इतिहासाचा उत्तरभाग अजून सांगावयाचा आहे. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्यांतील बहुतेक लोक पूर्वजांच्या देशीं गेले. कोंकणांतील घरें रिकामीं झालीं. थोडीं कुटुंबें मागें राहिलीं. जे गेले त्यांस आपण घरीं जात आहों असें वाटलें असेल. परंतु तेथील धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या विवाहांविषयीं शंका काढिली व तुम्ही खरोखर इस्राएलाच्या वंशाचे आहां ह्यास प्रमाण काय, असें विचारलें. त्यांनीं निषेध केला, आंदोलन केलें, आणि १९६४ सालीं तेथील लोकसभेनें ते सर्वतोपरी यहूदीच आहेत असें जाहीर केलें. केवढी विचित्र गोष्ट! ज्या गांवीं त्यांचें कोणी नव्हतें तेथें त्यांच्या शनिवाराचा कोणी पुरावा मागितला नाहीं. आणि ज्या देशाकडे तोंड करून त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली तेथें आपल्याच भावांनीं त्यांस दारांत उभें करून ‘तुम्ही कोठले?’ असें विचारलें. आज तेथें राहूनही त्यांच्यांतील वडील माणसें मराठी बोलतात, आणि ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं तेथें चालविलें. इकडे महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहूद्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, म्हणजे येथें उरलेल्या थोड्यांस ते ह्या घरचे आहेत असें राज्यानेंही लिहून दिलें.

बंधुभगिनींनो, हें सर्व ज्याकरितां लिहिलें त्या प्रश्नाकडे आतां वळूं. कबरस्थानाच्या कोंपऱ्यांत नव्या कुटुंबास जागा द्यावी कीं नाहीं? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत दोन कबरांच्या जागा सांगितल्या आहेत. यहूदानें मंदिरांत टाकून दिलेल्या तीस रुप्यांचें काय करावें ह्याचा याजकांनीं विचार केला, आणि त्यांतून कुंभाराचें शेत परक्यांस पुरण्याकरितां विकत घेतलें. बाहेरून पाहिलें तर हें परोपकाराचें काम दिसतें. परंतु परक्यांची जागा निराळी, लांब, आणि ज्या पैशास आपण हात लावूं इच्छीत नाहीं त्या पैशाची! त्याच अध्यायाच्या शेवटीं अरिमथाईचा योसेफ येतो. त्यानें स्वतःसाठीं खडकांत खोदलेली नवी कबर होती. तींत त्यानें प्रभूचें शरीर ठेविलें. ज्याला जन्माच्या वेळीं उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं त्याला मरणांत दुसऱ्याच्या कबरेंत जागा मिळाली. आपल्या तारणाचें जें कांहीं आहे तें त्या उसन्या कबरेंतून बाहेर आलेलें आहे. आतां मंडळीच्या पंचांनीं एवढेंच ठरवावें कीं आपलें कबरस्थान कुंभाराचें शेत व्हावें कीं योसेफाचा मळा व्हावा.

जागा खरोखर अपुरी असेल. मग सर्वांनीं मिळून नव्या जागेची खटपट करावी, नियम करावे, वर्गणी ठरवावी. अब्राहामासारखें मोल देण्यास नव्या कुटुंबानेंही मागें राहूं नये, आणि जुन्या मंडळींनीं ज्या भिंती बांधिल्या, ज्या विहिरी खोदल्या, त्यांची आठवण ठेवावी. परंतु जो नियम होईल तो जुन्या-नव्यांस सारखाच असावा. नव्या माणसाचें प्रेत दारांत असतां त्याच्या मूळगांवाची चौकशी करणें हें ख्रिस्ती मंडळीचें काम नव्हे.

उपदेशकबंधूंस आणखी एक विनंति. आपण वाडीवाडीनें फिरतां. प्रत्येक गांवीं मुक्काम करितां. ज्या गांवीं जाल तेथें वृद्धांस विचारा कीं हें घराणें येथें कसें आलें, पहिला मनुष्य कोणाच्या ओसरीवर निजला, त्याला पहिल्यानें भाकर कोणीं दिली. पुष्कळ ठिकाणीं त्या भाकर देणाराचें नांव अजून लोकांस ठाऊक असतें; कधीं तो मराठा असेल, कधीं महार, कधीं मुसलमान, कधीं एखादा तेली. तें नांव उपासनेंत देवापुढें घ्या. आपल्या मंडळीच्या इतिहासांत मिशनरीसाहेबांचें नांव असतें आणि पहिल्या बाप्तिस्म्याची तारीख असते; त्या ओसरीच्या मालकाचेंही नांव तेथें असूं द्या. आणि पुढल्या रविवारीं दाराशीं कोणी अनोळखी कुटुंब येऊन उभें राहिलें, तर ‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न जरूर विचारा. मात्र त्यांस आंत घेऊन, बसावयास देऊन व पाणी पुढें करून मग विचारा.